अंगठा देण्याआधी

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला. सोबत बारा पानांची पीडीएफ. "मामू, उद्या संध्याकाळी सातला अ‍ॅग्रीमेंटवाला अंगठे घ्यायला येतोय. सगळं स्टँडर्ड आहे म्हणाला. तरी एकदा नजर टाकता का?"

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बार्शीत शिकली, सोलापुरात इंजिनिअर झाली आणि आता हिंजवडीत नोकरीला लागली. ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर तिने वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिला होता. भाडं सत्तावीस हजार, तिघींत नऊ-नऊ. डिपॉझिट एक लाख. घरात उजेड आहे, पाणी आहे, ऑफिसची बस कोपऱ्यावर थांबते. तिघी खूश होत्या.

तिचा मेसेज वाचून मी चष्मा लावला. 'स्टँडर्ड' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. त्याचं कारण आधी सांगतो, मग त्या बारा पानांकडे येतो.

2011 सालची गोष्ट. लग्नाला वर्ष झालं होतं आणि मी पुण्यात घर शोधत होतो. दोन महिने शोधलं. फोनवर नाव सांगेपर्यंत फ्लॅट रिकामा असायचा, नाव सांगितलं की तो कालच गेलेला असायचा. हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. त्यावर पुष्कळ बोललं गेलंय, मी त्याची उजळणी करत नाही. मला त्याच्या एका परिणामाबद्दल सांगायचंय, ज्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. वीस ठिकाणी नकार ऐकून आलेला माणूस एकविसाव्या ठिकाणचा होकार तपासून पाहत नाही. त्याला घाई होते. हा माणूस मन बदलायच्या आत सही करून टाकू, असं वाटतं.

मला तो होकार कोंढव्यात मिळाला. फ्लॅटचा मालक आपल्यातलाच, पाच वक्त नमाजी, बोलायला गोड. त्याला भाडं नको होतं. चार लाख रुपये हेवी डिपॉझिट द्या, तीन वर्षं राहा, जाताना चार लाख परत घ्या. पुण्या-मुंबईच्या आपल्या वस्त्यांत हा प्रकार किती चालतो ते सांगायला नको. मला तो फार आवडला. एक तर दरमहा भाड्याची कटकट नाही. दुसरं म्हणजे, बँकेचं कर्ज काढून घर घ्यायचं नाही असं आमच्या घरात ठरलेलं. अब्बांचा त्याला सक्त विरोध, सूद घरात येता कामा नये. इथे ना कर्ज, ना सूद. मला हा सगळ्यात हलाल मार्ग वाटला.

चार लाखांपैकी दीड लाख माझे होते. एक लाख बायकोचे दागिने मोडून आले. दीड लाख अब्बांनी त्यांच्या फंडातून काढून दिले. मालक म्हणाला, "अपने ही आदमी हो, कागज तो बस दस्तूर है." शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर दोन पानं टाइप झाली, नोटरीने शिक्का मारला, मी तीन ठिकाणी सह्या केल्या. वाचलं नाही असं नाही, वरवर नजर फिरवली. नावाचं स्पेलिंग बरोबर आहे एवढं पाहिलं.

चौदा महिन्यांनी एका सकाळी दूध आणायला दार उघडलं तर दारावर बँकेची नोटीस चिकटवलेली. मालकाने तो फ्लॅट माझ्याकडून पैसे घेण्याच्या आधीच एका बँकेकडे गहाण ठेवला होता आणि हप्ते थकवले होते. आता बँक ताबा घेणार होती. मी माझी नोटरीची दोन पानं घेऊन बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी ती सभ्यपणे वाचली आणि सभ्यपणे परत दिली. त्यांच्या दृष्टीने मी त्या घरात नव्हतोच. पोलीस चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. वकिलाने सांगितलं, दावा लावा, वर्षं लागतील. मशिदीतल्या चार बुजुर्गांनी मध्यस्थी केली, तेव्हा मालकाने पाच-दहा हजार करत पुढच्या चार वर्षांत एक लाख वीस हजार दिले. उरलेले दोन लाख ऐंशी हजार आजतागायत यायचे आहेत. बायकोने त्या दागिन्यांचा विषय एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

सगळ्यात मोठी शरम वेगळीच होती. माझे मोठे चुलते, आमचे बडे अब्बा, बार्शीच्या तहसील कचेरीबाहेर दस्तलेखक होते. लोखंडी टेबल, पत्र्याची पेटी, पेटीत कार्बनपेपर आणि शिक्क्यांचं पॅड. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची खरेदीखतं, गहाणखतं, भाडेपट्टे लिहिले. त्यांच्या घरातल्या मुलाने असा कागद केला! मी सुट्टीत गेलो तेव्हा त्यांनी तो मागवून घेतला, दोन मिनिटांत वाचून खाली ठेवला.

"पढा था क्या?"

"भरोसे का आदमी था, बडे अब्बा."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मेरे टेबल पे रोज लोगां आते थे अंगूठा देने. उनकू पढना नै आता था. तेरेकू तो आता है ना?"

त्या दिवशी त्यांनी मला दुसरी एक गोष्ट सांगितली, जी मी मदरशात पाठ केली होती पण समजली नव्हती. कुरआनातली सगळ्यात लांब आयत कुठली? सूरह बकरातली 282वी. एवढी मोठी आयत नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. मुदतीचा व्यवहार कराल तर तो लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, साक्षीदार घ्या, रक्कम छोटी असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, याबद्दल आहे. बडे अब्बांचं म्हणणं असं, की अल्लाहला माणसांचा स्वभाव माहीत आहे. भरवशाच्या माणसाबरोबर व्यवहार करताना आपण कागद टाळतो आणि नंतर कागदही जातो, माणूसही जातो.

आणि हेवी डिपॉझिटच्या हलालपणाबद्दलही मी पुढे एका मौलानांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही त्याला रक्कम दिली, ती पूर्ण परत घेणार, आणि दरम्यान त्या रकमेच्या बदल्यात त्याच्या घरात फुकट राहणार. कर्जावर फायदाच झाला ना? बऱ्याच उलेमांच्या मते हा सूदच आहे, फक्त तो नोटांऐवजी भिंतींच्या रूपात घेतलेला. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण सूद टाळण्यासाठी मी जे केलं त्यात सूदही टळला नाही आणि मुद्दलही गेलं, एवढं मला सांगता येतं. आजही कुणी हेवी डिपॉझिटचं विचारलं तर मी दोन प्रश्न करतो. आपल्या मौलानांना विचारलं का? आणि फ्लॅटवर बोजा आहे का ते तपासलं का?

त्यानंतर मी पुण्यात चार घरं बदलली. प्रत्येक वेळी करार वाचला, न कळलेलं विचारलं, कायदा चाळला. मी वकील नाही, पण भाडेकरू म्हणून आता जुना झालोय. तर त्या रात्री भाचीला फोन लावला आणि म्हणालो, "पान एकपासून सुरू कर. मोठ्याने वाच."

पहिल्या पानावर शीर्षक होतं, लिव्ह अँड लायसन्स. तिने विचारलं, हे भाडेपट्ट्यापेक्षा वेगळं असतं का? असतं. पट्ट्यात भाडेकरूला त्या जागेत काही हक्क मिळतो. लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी मिळते, मुदत संपली की ती संपली. आपल्याकडे हा प्रकार का रुजला त्याला इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या भाडेकरूंना मोठं संरक्षण दिलं, भाडी जागच्या जागी गोठली, म्हणून मालक भाडेपट्टा टाळून लायसन्सवर घरं देऊ लागले. मग कायद्यात दुरुस्ती होऊन 1 फेब्रुवारी 1973 रोजी ताब्यात असलेले लायसन्सधारकही भाडेकरू ठरले. मालकांची धास्ती आणखी वाढली. 'घर बळकावतील' ही भीती तिथून आली आहे आणि ती अजून पुरती गेलेली नाही. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, त्यात लायसन्सचे नियम मालकाच्या बाजूने स्पष्ट केले गेले. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर मालक न्यायालयाऐवजी थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि राहिलेल्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे द्यावे लागू शकतात. म्हणून भाचीला पहिली गोष्ट सांगितली, करार संपण्याची तारीख मोबाइलमध्ये दोन महिने आधीच्या आठवणीसह टाकून ठेव. "चालू द्या, नंतर बघू" यावर राहू नकोस.

मुदत अकरा महिने होती. "अकराच का, मामू?" कारण देशाच्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या पट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून ती चुकवायला अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात या युक्तीला अर्थ नाही. इथे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी, मुदत अकरा महिने असो वा अकरा दिवस. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि लेखी नोंदणीकृत करारच नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, ते खोटं असल्याचं सिद्ध करणं मालकावर येतं. शंभरच्या स्टँपवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. माझा कागद असाच होता. 2011 साली मला एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर!

पैसे वाचवायला लोक नोटरी करतात, तर पैशांचाही हिशेब सांगतो. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेल्या व्याजावर लागतं. भाचीच्या घराचं अकरा महिन्यांचं भाडं दोन लाख सत्त्याण्णव हजार आणि लाखाच्या डिपॉझिटचं अकरा महिन्यांचं व्याज नऊ हजारांच्या थोडं वर. त्याचा पाव टक्का आठशेच्या आत येतो. नोंदणी फी शहरात एक हजार. म्हणजे ही दोन्ही मिळून दोन हजारसुद्धा होत नाहीत, वर जाईल ती मुख्यतः एजंटची फी. हे तिघींत वाटलं तर प्रत्येकीच्या एका बिर्याणीचे पैसे जास्त जातील.

मग आम्ही कलमांकडे वळलो. लॉक-इन सहा महिन्यांचा होता. म्हणजे सहा महिन्यांच्या आत सोडलं तरी सहा महिन्यांचं भाडं द्यायचं. पण पुढच्या ओळीत मालक मात्र केव्हाही एक महिन्याच्या नोटिशीवर घर मागू शकत होता. लॉक-इन असेल तर दोघांना असावा. नोटीस एक महिन्याची, ती दोघांना सारखी असावी. पहिल्यांदा करार वाचणाऱ्याने हे एवढंच करावं, जिथे आपल्यावर बंधन दिसेल तिथे तेच बंधन समोरच्यावर आहे का ते पाहावं.

डिपॉझिट 'रीतसर कपात करून यथावकाश' परत मिळणार होतं. यथावकाश म्हणजे कधी? किल्ल्या परत देईन त्याच दिवशी, अशी तारीख नसलेली पण दिवस ठरलेली भाषा हवी. कपात कशाची? भाडं, वीजबिल आणि केलेलं नुकसान, एवढ्याचीच. वापराने होणारी झीज नुकसानात धरायची नाही, हे लिहून घ्यायचं. रंगाचा खर्च कुणाचा, तेही. पुण्यात रंगाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत आहे. ती मान्य असेल तर आकडा आताच ठरवावा, जाताना भांडू नये.

सामानाची यादी जोडलेली होती, पंखे पाच, गिझर एक, कपाटं तीन. ती पाहून, चालवून सही करायची. गिझर बंद असेल तर 'बंद' लिहायचं. किल्ली घ्यायच्या दिवशी घरभर फिरून व्हिडिओ काढायचा, भिंतीवरचे ओलीचे डाग, नळ, टाइल्स, आणि शेवटी विजेच्या मीटरचं रीडिंग. तो व्हिडिओ मालकालाही पाठवून द्यायचा. महावितरणची जुनी थकबाकी नाही ना, ते ताज्या बिलावरून कळतं.

सोसायटीचा मेंटेनन्स मालक देणार असं लिहिलं होतं, ठीक. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी जो बिनभोगवटा आकार घेते तो मात्र भाडेकरूंवर टाकला होता. तो मालकाचा खर्च आहे, आणि शासनाच्या 2001 च्या आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. खोडायला सांग म्हणालो.

मालक खरा कोण, हे ती विचारायचीच विसरली होती. करारातलं नाव आणि वीजबिलावरचं नाव एक आहे का? खरेदीची सूची दोन, म्हणजे इंडेक्स टू, पाहायला मागितली का? मुलगा किंवा भाऊ सही करत असेल तर त्याच्याकडे मुखत्यारपत्र आहे का? फ्लॅटवर कर्ज आहे का? कर्ज असलं म्हणजे घर घेऊ नये असं नाही, निम्म्या पुण्याच्या घरांवर कर्ज असेल. पण डिपॉझिट जेवढं मोठं, तेवढी ही चौकशी मोठी. आणि पैसे बँकेतूनच द्यायचे, करारात लिहिलेल्या नावाच्याच खात्यावर.

नववं पान आलं. "लायसन्सधारकांविषयी सोसायटीने कोणत्याही कारणास्तव हरकत घेतल्यास मालक तत्काळ लायसन्स रद्द करू शकेल." भाचीने ते एका दमात वाचलं आणि पुढे जायला लागली. मी थांबवलं. "कोणत्याही कारणास्तव" हे दोन शब्द दुसऱ्या कुणासाठी फारसे त्रासाचे नसतील. आपल्यासाठी आहेत. जिन्यात बुरखा दिसला, ईदला पाहुणे जास्त आले, स्वयंपाकघराचा वास आला, कुणीतरी अर्ज दिला, झालं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आधी कळवणं पुरे असतं. मग परवानगी लागत नाही तिथे हरकतीवर घर का रिकामं करायचं? 'उपविधींचा भंग केल्याचं लेखी कळवूनही सुधारणा न झाल्यास' एवढा बदल सुचव, असं सांगितलं.

"मामू, एवढं सांगितलं तर घर देणार नाहीत."

मला माझा 2011 चा आवाज ऐकू आला. तेवढ्यात मी परत पहिल्या पानावर गेलो, माझ्या लक्षात काहीतरी खटकत होतं. लायसन्सधारक क्रमांक एक, क्रमांक दोन. तीन नव्हता. तिच्या दोन्ही मैत्रिणींची नावं होती, तिचं नव्हतं.

"तुझं नाव कुठेय?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, एजंट म्हणाला सोसायटीत उगाच प्रश्न नकोत. दोघींच्या नावावर करून टाकू, तुम्ही राहा की, कोण विचारतंय. भाड्याचा तिसरा हिस्सा ती देणार, डिपॉझिटचे तेहेतीस हजार तिने पाठवलेही होते, आणि कागदावर ती नव्हती. "मला वाटलं, मिळतंय ते घर जाईल," ती म्हणाली. तिला हे मला सांगायचं नव्हतं, असं मला वाटतं. पण तिला कुणीतरी विचारावं असंही वाटत असावं. नाहीतर तिने पीडीएफ पाठवलीच नसती.

मी तिला चौथ्या पानावरचं एक कलम परत वाचायला लावलं. करारात नावं असलेल्यांखेरीज अन्य कुणी फ्लॅटमध्ये राहिल्यास तो करारभंग समजला जाईल. म्हणजे ती पहिल्या रात्रीपासून करारभंग ठरणार होती. तिच्यामुळे दोघींचंही घर जाऊ शकत होतं. डिपॉझिटवर तिचा हक्क कागदोपत्री शून्य. आधारवरचा पत्ता बदलायचा, पासपोर्ट काढायचा, तर दाखवायला करार नाही. आणि भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यायची असते, त्या अर्जात तिचं नाव जाणार नव्हतं. इमारतीत उद्या काही झालं, कुणाची चोरी झाली, कुणाची गाडी फुटली, तर कागदावर नसलेली मुलगी एक आणि तिचं नाव हे असं. लपून राहिलेल्या माणसाला निर्दोष असूनही खुलासा द्यावा लागतो.

इथे मला एक खरं सांगायला हवं. नकाराविरुद्ध कायदा आपल्याला फारसा हात देत नाही. राज्यघटनेतला भेदभावाविरुद्धचा हक्क मुख्यतः सरकारवर बंधनकारक आहे. खासगी मालकाने नाव ऐकून घर नाकारलं तर त्याला थेट अडवणारा कायदा नाही. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध धरला. म्हणजे दाराबाहेर आपण एकटे आहोत. पण एकदा दाराच्या आत आलो, नोंदणीकृत करारात नाव आलं, की कायदा सगळ्यांना सारखा. आपल्याला उपलब्ध असलेलं संरक्षण या एका कागदात आहे. आणि ते आपण स्वतःच्या हाताने सोडून देतो, नाव न घालून, नोटरीवर भागवून, न वाचता अंगठा देऊन. ज्याला बाहेर सगळ्यात कमी आधार, त्यानेच आतला कागद सगळ्यात पक्का करायला हवा.

"घर गेलं तर?" तिने विचारलं.

"तर जाईल. माझ्या घरी राहा, परत शोधू. पण नाव न घालता राहायचं नाही."

हे बोलणं मला सोपं होतं. तिला पुढच्या सोमवारी ऑफिसला रुजू व्हायचं होतं. मी फोन ठेवला आणि मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणींना सांगितलं. एक म्हणाली, आत्ता राहू दे ना, पुढच्या वर्षी घालू. दुसरी म्हणाली, नाव नसेल तर मीही सही करणार नाही. एजंट वैतागला, सातची वेळ मोडली म्हणून. शेवटी तिने एजंटला वगळून थेट मालकांना फोन केला. निवृत्त शिक्षक होते. तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि विचारलं, काका, माझं नाव घालायला तुमची काही हरकत आहे का? ते म्हणाले, मला दोघीच राहणार असं सांगितलं होतं. तिसरी आहे हेच मला माहीत नाही.

म्हणजे नकार मालकाने दिलाच नव्हता. तो एजंटने त्यांच्या वतीने आधीच गृहीत धरला होता, आणि माझ्या भाचीने स्वतःच्या वतीने. काकांनी विचार करायला एक दिवस मागितला. तो दिवस आम्हा सगळ्यांना लांब गेला. दुसऱ्या संध्याकाळी त्यांचा फोन आला, आधारची प्रत पाठवा.

सगळं मनासारखं झालं असं नाही. लॉक-इन दोघांना सारखा केला. डिपॉझिट किल्ल्या दिल्यापासून सात दिवसांत परत असं ठरलं. बिनभोगवटा आकार त्यांनी स्वतःकडे घेतला. सोसायटीच्या हरकतीचं कलम मात्र ते पूर्ण बदलायला तयार झाले नाहीत. "मलाही त्या सोसायटीत तोंड दाखवायचंय," म्हणाले. 'तत्काळ'च्या जागी 'एक महिन्याची लेखी नोटीस देऊन' एवढं आलं. तेवढ्यावर तिने मान्य केलं. निर्णय तिचा होता.

करार झाला त्या संध्याकाळी मी गेलो होतो. एजंटचा पोरगा छोटं मशीन घेऊन आला, कॅमेऱ्यासमोर एकेकीचा फोटो, मशीनवर अंगठा. बडे अब्बांच्या टेबलावरचं निळं पॅड मला आठवलं. ते जाऊन आता सहा वर्षं झाली. भाचीच्या अंगठ्याला मशीन दोनदा नाही म्हणालं. मेंदीचा हात, आदल्या आठवड्यात घरात लग्न होतं. तिसऱ्यांदा तिने अंगठा ओढणीला पुसला आणि लावला, तेव्हा हिरवा दिवा लागला.

दोन दिवसांनी नोंदणी झालेल्या कराराची प्रत आली. तिने मला फक्त पहिलं पान पाठवलं. लायसन्सधारक क्रमांक एक, दोन, तीन. खाली लिहिलं होतं, "मामू, पोलिसांचा ऑनलाइन फॉर्म काका भरतायत. त्यात वडिलांचं नाव बार्शीच्या रेशनकार्डाप्रमाणे घालू की आधारप्रमाणे? दोन्हींत स्पेलिंग वेगळं आहे."

आधारप्रमाणे घाल, असं कळवलं. आणि करारात काय आहे, ते आधी वाचून बघ.